सुजूचा उजवा हात

५ ऑगस्ट १९९१, धुळे
पुन्हा इथेच. तीच खोली, तोच पंखा. मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध गेल्या आठवड्यात टोचलं. रक्तातल्या वाईट पेशी मारायला दिलेलं, पण ते चांगल्याही मारतं. पांढऱ्या पेशी (यापुढे पां.पे.) तळाला गेल्यात. त्यात ताप. म्हणून सलाईन, म्हणून अ‍ॅडमिट. सिस्टर आल्या की सुजू स्वतःच बाही वर करते. सहा वर्षांच्या पोरीला हे पाठ असू नये.

डाव्या हाताच्या शिरा वापरून संपल्या. सुई उजव्याला. हात हलू नये म्हणून खाली पुठ्ठा बांधलाय, औषधाच्या खोक्याचा कापलेला, वर एक फेर जाळीदार पट्टीचा. सुईला रडली नाही, पुठ्ठ्याला रडते. कडा टोचते म्हणे. चित्रं काढता येत नाहीत ते वेगळंच. डाव्या हाताने एक हत्ती काढला, तो बिघडला. "पप्पा, हा हात ढ आहे." हसलो. मंदा नाही हसली.

मंदा इथे राहणार, मी जळगाव-धुळे करणार. शाळा, रजेचा अर्ज, हेडमास्तरांचं (हे.मा.) तोंड.

७ ऑगस्ट, धुळे
आबा गावाहून आले. सकाळी दोंडाईचापर्यंत बैलगाडी, मग एसटी. खांद्यावर पिशवी, पिशवीत कापूस. मागच्या खेपेला सुजूने पुठ्ठ्याची तक्रार केली होती, ती माझ्या म्हाताऱ्या बापाने लक्षात ठेवली.

"आपला वावरना कापूस शे. दुकानना नही. बठ्ठी सरकी मी सोता काढी."

खाटेजवळ बसून चांगली जाड गादी केली, पुठ्ठ्यावर पसरली, मंदाच्या जुन्या साडीचा तुकडा वरून गुंडाळला. सिस्टर कुरकुरल्या. म्हणाल्या, आमचा गुंडाळीचा कापूस आहे ना. मी म्हणालो, तुमचा चार दिवसांत चपटा होतो. हा घरचा आहे, निर्मळ आहे, मी शाळेत विज्ञान शिकवतो, मला कळतं. त्या गप्प बसल्या. मला जरा बरंच वाटलं.

सुजूने हात ठेवला आणि म्हणाली, "आता छान." तशीच झोपली. कापसाला आमच्या मातीच्या धाब्याच्या घराचा वास आहे. पावसाळ्यातला, मातीचा. मीही वाकून घेतला.

१२ ऑगस्ट, पिंप्राळा, जळगाव
आठवीला बुरशीचा धडा. दरवर्षी हा धडा पावसाळ्यातच घेतो, कारण प्रयोग फुकटात होतो. पावाचा तुकडा ओला करायचा, झाकणाच्या डबीत ठेवायचा, कपाटात ठेवून विसरून जायचं. पोरं रोज उघडून बघायला मागतात, मी ओरडतो. आजही ओरडलो.

घर रिकामं. कुकर लावला, वरण लागलं, तसंच खाल्लं. शेजारच्या अक्का कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "सर, आमच्यात या रोट खायला, तुमच्यात नसली कानबाई तरी." हो म्हणालो. ताप उतरला असं मंदाने अक्कांच्या दुकानात फोन करून सांगितलंय. या खेपेला स्वस्तात सुटलो बहुतेक.

१४ ऑगस्ट, पिंप्राळा
मंदाचा फोन. हाताखाली, मनगटाच्या वर, लाल डाग आलाय. चिकटपट्टी लागली असेल असं डॉक्टर म्हणाले. मलम दिलंय. "तुम्ही काही लगेच निघू नका." पण आवाज निघा म्हणत होता. उद्या झेंडावंदन, हे.मा. सोडणार नाहीत.

१६ ऑगस्ट, धुळे
डाग जांभळा. आठ आण्याच्या नाण्याएवढा. हात लावू देत नाही. ताप परत. सलाईनची सुई पायाला हलवली.

सिस्टरांवर ओरडलो. पट्टी कुठली वापरता, हात धुता का, ते पुठ्ठे एका पोराचे दुसऱ्याला लावता ना, पेपरात देईन. सगळा व्हरांडा ऐकत होता. सिस्टर रडवेल्या झाल्या. मंदाने मला बाहेर ओढत नेलं. मला ओरडायला मिळालं की बरं वाटतं, हे मला माहीत आहे आणि मंदालाही.

शेजारच्या खाटेची आजी म्हणाली, देवीचं असेल, लिंबाचा पाला ठेवा. तिच्यावरही ओरडणार होतो. मंदाने नुसतं बघितलं.

१८ ऑगस्ट, रविवार, धुळे
डागाचं मधलं काळं पडलं. कोळशासारखं. भोवती लाल कडं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई आल्या. अगदी तरुण, चप्पल घासत चालतात, मला वाटलं ही काय सांगणार. पात्याने कडेची खपली खरवडली, काचेवर घेतली, पोटॅशचा थेंब टाकला, खालच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मग मला बोलावलं. "तुम्ही सायन्सचे सर ना? बघा." पाहिलं. धागे. फांद्या फुटलेले, आडवे पडदे असलेले. वर्षानुवर्षं फळ्यावर काढतो ते.

"बुरशी आहे," बाई म्हणाल्या. नायटा-गजकर्णाची नाही, ती कातडीच्या वर राहते. ही आत उतरते, रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बुजवते, म्हणून वरचं मांस मरतं. धडधाकट माणसाला काही करत नाही. रोज आपण ती श्वासातून घेतो. पां.पे. असतात त्या तिला खाऊन टाकतात. सुजूकडे त्या नाहीत.

मलमाने जाणार? नाही. मग? एक इंजेक्शन आहे, मुंबईहून आणावं लागेल. फार कडक आहे. मूत्रपिंडाला त्रास देतं. आणि काळं झालेलं कापून काढावं लागेल. पण आत्ता कापलं तर रक्त थांबणार नाही आणि जखम भरणार नाही.
मग आत्ता काय?
"आत्ता औषध, आणि वाट बघायची."

१९ ऑगस्ट, धुळे
बाई सकाळी परत आल्या. बॉलपेनने काळ्याच्या कडेने रेघ ओढली, म्हणजे वाढतंय का कळेल. सुजू म्हणाली मी ओढते. डाव्या हाताने ओढली, वाकडी. बाईंनी तीच राहू दिली.

मग बाईंनी खोलीभर बघितलं. भिंतीचा पोपडा, खिडकी, खाट. खाटेखाली पडलेला तो पुठ्ठा उचलला, साडीचा तुकडा सोडला, कापूस नाकाशी नेला.
"हा कुठला?"
मंदा म्हणाली, घरचा. सासऱ्यांनी आणलाय.
"ठेवला कुठे होता?"
मी सांगितलं. धाब्याच्या घरात, कोपऱ्यात, पोत्यात. गाद्यांसाठी राखलेला. सांगता सांगताच कळलं. धाबं दर पावसाळ्यात गळतं. त्या कोपऱ्याला ओल असते, लहानपणापासून असते. मला आवडलेला तो वास.

बाईंनी थोडा कापूस बाटलीत भरून नेला. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० ऑगस्ट, धुळे
इंजेक्शन आलं. मुंबईच्या बसने, बर्फाच्या डब्यात, मंदाच्या भावाने ड्रायव्हरच्या हाती दिलेलं. मी स्टँडवर उभाच होतो.

हे औषध उजेडाने खराब होतं. बाटलीला काळा कागद गुंडाळायचा. कुठे मिळणार? शेवटी पोस्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडून कार्बन पेपर आणले. सुजूने विचारलं, औषधाला बुरखा का? मी म्हणालो लाजतं.

थेंब थेंब, अर्धा दिवस.

२१ ऑगस्ट, धुळे
काल दुपारी थंडी भरली. अशी थंडी मी पाहिली नव्हती. दात वाजतात, खाट वाजते. गोधड्या, माझा कोट, मंदा वरून मिठी मारून. "पप्पा बंद करा. पप्पा बंद करा ना." सिस्टर म्हणतात बंद करायचं नाही, सावकाश करू. ज्यांच्यावर ओरडलो त्याच सिस्टर. तासभर तिचे पाय चोळत बसल्या होत्या. त्यांची माफी मागायची आहे. मागितली नाही अजून.

आज परत तेच. उद्याही. किती दिवस विचारलं, डॉक्टर म्हणाले ते विचारू नका.

२५ ऑगस्ट, धुळे
काळं रेघेबाहेर गेलं. नवी रेघ.

छातीचा फोटो स्वच्छ. हे एकच बरं. रक्तातून छातीत गेली तर मग हाताचा प्रश्नच उरत नाही, असं बाई म्हणाल्या. सरळ बोलतात. मला सरळ बोलणारी माणसं आवडतात असं मी समजत होतो.

दुपारी आबा आले. परत पिशवी. "आखो लयनू कापूस. पहिला बसी गया व्हई."

मंदा उठून बाहेर गेली. मी पिशवी घेतली, म्हणालो, आबा, आता पुठ्ठा काढलाय, लागत नाही. "मंग दुसरा हातले कर." डॉक्टर बाहेरचं काही चालू देत नाहीत म्हणालो. "बाहेरना कसाना? घरना शे." पिशवी मागच्या उकिरड्यावर टाकून आलो. परत आलो तर आबा तिला शिंगरूची गोष्ट सांगत होते आणि ती हसत होती, काळा हात उशीवर ठेवून.

सांगायचं की नाही? मंदा म्हणते, सांगायचंच. मी म्हणतो, सांगून काय होणार? ती म्हणते, "तुमचे वडील आहेत म्हणून." खरं आहे. पण सांगायचं तर अर्धंच का सांगायचं? सिस्टर नको म्हणत होत्या आणि मी छाती काढून विज्ञान सांगितलं, हेही सांगावं लागेल.

२८ ऑगस्ट, जळगाव
रजा संपली. वाढवून घ्यायला शाळेत तोंड दाखवून यावं लागलं. आठवीचा तास. मी आत शिरतो न शिरतो तोच पोरांनी कपाटातून डबी काढून टेबलावर ठेवली. "सर, आली! सर, हिरवी आली!" पाव दिसत नव्हता. झाकण उघडलं होतं कुणीतरी.

डबी उचलली आणि मैदानापलीकडच्या नाल्यात फेकली. पोरं हसली. त्यांना वाटलं सर गंमत करतायत. मग माझं तोंड बघून गप्प झाली. उरलेला तास त्यांना नुसतं वाचायला सांगितलं.

कापायच्या वेळी रक्त लागेल म्हणून संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत रक्तगटाचं विचारलं. चित्रकलेचे सर, शिपाई आणि ज्यांच्याशी माझं दोन वर्षं बोलणं नाही ते गणिताचे सर, तिघांचा जुळतो. गणिताचे म्हणाले, "कधी यायचं ते फक्त सांगा." रडू आलं. तिथेच, सगळ्यांसमोर.

३१ ऑगस्ट, धुळे
बाईंनी दोन काचेच्या ताटल्या दाखवल्या. एकीत सुजूच्या खपलीतलं, दुसरीत कापसातलं. दोन्हीत तीच, हिरवट पिवळी. मी म्हणालो, म्हणजे झालं. बाई म्हणाल्या, नाही झालं. हीच भिंतीच्या पोपड्यातही असेल, पुठ्ठ्यातही, हवेतही. कापसातूनच आली असं मी लिहून देणार नाही. "मी शपथेवर सांगू शकत नाही, सर, आणि तुम्हीही सांगू नका."

माणूस चांगला असला की खोटं किती सफाईने बोलतो. की खरंच बोलत होत्या? माहीत नाही. मला तरी दोन ताटल्या दिसल्या.

लघवी कमी. डॉक्टर एक दिवस औषध थांबवणार. थांबवलं तर काळं पुढे सरकणार. दोन्हीकडून मरण.

१ सप्टेंबर, धुळे
मंदाने सांगितलं. मी एसटी चौकशीला गेलो होतो. आबा आले, परत विचारू लागले की गादी का काढली, पोरीला आराम होता ना. ती एकदम बोलून गेली. तुमच्याच कापसातून आलं म्हणाली. वर हेही म्हणाली की यांनी सिस्टरांना गप्प बसवलं नसतं तर लावलाच नसता.

मी आलो तर आबा व्हरांड्याच्या पायरीवर. टोपी मांडीवर. मला बघून एवढंच म्हणाले, "माले काबं नही सांगं?"
का नाही सांगितलं, यावर मी चहा आणतो म्हणालो. आणला. प्यायले नाहीत.

मंदाला काही बोललो नाही. ती खोटं काहीच बोलली नव्हती.

३ सप्टेंबर, धुळे
आबा गावी गेले नाहीत. खोलीतही येत नाहीत. हॉस्पिटलच्या नळावर दोनदा आंघोळ करतात, धोतर धुतात, वाळवतात, तेच नेसतात आणि खिडकीबाहेर लिंबाखाली उभे राहतात. सुजू आतून हाक मारते. ते गजाजवळ येतात पण गजाला हात लावत नाहीत.

"आत या ना आबा."
"मी मझार येत नही माय. मना आंगवर व्हई ते."

मी बाहेर जाऊन समजावलं. तसं अंगाला चिकटून येत नाही, डॉक्टरीणबाईंनाच विचारा. ते ऐकून घेतात. आत येत नाहीत. शेवटी ओरडलो, आबांवर, भर आवारात. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी मान खाली घातली. लाज वाटते.

५ सप्टेंबर, धुळे
आज शाळेत शिक्षक दिन. पोरं सर होऊन शिकवत असतील.

काळं मनगटाच्या सांध्याला टेकलं. दोन बोटं हलत नाहीत, अंगठा हलतो. शस्त्रक्रियेचे डॉक्टर येऊन बघून गेले. इंग्रजीत बोलले तिघं आपसांत, मग मराठीत मला. कापावं लागेल आणि लवकर. वरवरचं असलं तर कातडी आणि थोडं मांस. खोल गेलं असेल तर हात. कुठपर्यंत ते उघडल्यावर कळेल. पां.पे. थोड्या तरी वर येऊ देत, एवढीच अट.

म्हणजे रोज सकाळी रक्त तपासायचं आणि रोज सकाळी रेघ बघायची. एक वर यायला हवी, दुसरी थांबायला हवी. आम्ही दोघं मध्ये.

मंदाने संध्याकाळी त्रिशरण म्हटलं, सुजूनेही तिच्या मागून. दोन हात जोडता येत नाहीत म्हणून एकच हात छातीवर ठेवला. मी बाहेर आलो.

८ सप्टेंबर, पोळा, धुळे
रस्त्याने बैल गेले, शिंगं रंगवलेले. सुजूला खिडकीशी उचलून दाखवले. आबांचे बैल यंदा गावात कुणी सजवले असतील? विचारलं नाही.

पां.पे. वर आल्या. थोड्याच, पण आल्या. डॉक्टर पहिल्यांदा हसले. मंगळवारी करू म्हणाले. गणिताच्या सरांना फोन केला, तिघं उद्याच येतात.

सिस्टरांची माफी मागितली आज. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर, माझाही मुलगा असता तर मीही ओरडले असते." मग म्हणाल्या, "तेव्हा मी तो कापूस काढायलाच हवा होता." त्यांनाही ते लागलंय. मला वाटत होतं ते फक्त आमच्याच घरात आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार, धुळे
व्हरांड्यात बसून लिहितोय. दुसरं काही करता येत नाही.

सकाळी कागद आला. 'गरज पडल्यास उजवा हात कोपराखाली काढण्यास संमती.' मंदा म्हणाली, करा सही, पोरगी हवी. केली. अक्षर माझं वाटत नाही.

सुजूला सांगितलं होतं की काळं काढणार. तिने सगळं ऐकलं होतं, आमचं कुजबुजणंसुद्धा. विचारलं, "पप्पा, हात कापला तर केसांसारखा परत येतो ना?"

मंदा भिंतीकडे वळली. औषधाने गेलेले केस परत येतील हे आम्हीच तिला रोज सांगत आलो. हो म्हणणं सोपं होतं. म्हणालो, नाही सुजू. हात परत येत नाही. म्हणून डॉक्टर जेवढा ठेवता येईल तेवढा ठेवणार आहेत.

हात तिने फ्रॉकखाली घेतला, पोटाशी. ढकलगाडी आली तरी सोडेना. मंदाला नाही, मला नाही, सिस्टरांना नाही. किंचाळली. दुखत होता तरी दाबून धरला. "आबा! आबांना बोलवा. आबा धरतील, मग जाईन."

खिडकीबाहेर होतेच. मी बाहेर धावलो. नको म्हणाले, दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी काही समजावलं नाही आता. दंडाला धरून आणलं त्यांना आत, धोतर ओलंच होतं. खाटेजवळ उभं केलं. सुजूने फ्रॉकखालून हात काढला आणि पुढे केला, काळा, पट्टीतला, सुजलेला. "धरा ना."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग धरला. दोन्ही तळव्यांत, अगदी खालून.
"धरस माय. धरस."

दारापर्यंत असेच गेले, गाडीबरोबर, वाकून. दारात सिस्टरांनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला.

तेव्हापासून आबा माझ्या शेजारी बाकावर आहेत. गणिताचे सर रक्ताच्या खोलीजवळ. मंदा दाराला पाठ लावून जमिनीवर.

मघाशी आतला वॉर्डबॉय आला, आणखी एक बाटली रक्त मागायला. मी विचारलं, हात? तो म्हणाला, "डॉक्टर सांगतील, सर." आणि बाटली घेऊन आत गेला.

"काय म्हनना तो?" आबांनी विचारलं.
काहीच म्हणाला नाही, आबा.
"हात गया म्हनना का?"
नाही, आबा. तसंही नाही म्हणाला.

दार अजून बंद आहे.